गिफ्ट कापडात बांधायचंय, पण त्यासाठी नवीन कापड घेऊ का?

पत्र: ताई, दरवर्षी सणाच्या सुट्ट्या आल्या की आमच्याकडे गिफ्टचा ढीग लागतो आणि दुसऱ्या दिवशी चमकीच्या कागदाचा त्याहून मोठा ढीग कचऱ्यात जातो. मला आता ते बघवत नाही. यंदा ठरवलंय की सगळी गिफ्टं कापडात बांधायची, जपानी फुरोशिकी असते ना तशी. ऑनलाइन वीस कापडांचा सुंदर सेट सापडलाय, ऑर्गॅनिक कॉटनचा, कार्टमध्ये टाकून ठेवलाय. पण घरात कुणाला पटत नाहीये. जाऊबाई म्हणाल्या की फडक्यात बांधून दिल्यासारखं दिसेल, आणि गिफ्ट कागदातच द्यायची पद्धत आहे. नवरा म्हणतो, कापडं लोकांना देऊन टाकणार की परत मागणार? मागणार असशील तर मी सोबत येणार नाही. मुलांना कागद टराटरा फाडायचा असतो. त्यात मला ती गाठच जमत नाही, व्हिडिओ बघून बांधते आणि थोड्या वेळाने सुटून येते. ऑफिसमध्येही काही जणांना गिफ्ट द्यायचीयेत. सांगा ना, घेऊ का सेट? – कागदाला कंटाळलेली

उत्तर:

प्रिय कंटाळलेली,

आधी ते कार्ट रिकामं कर, मग बोलू.

आयडिया वाईट आहे असं नाही गं, आयडिया एक नंबर आहे, आणि तुझ्या नवऱ्याने विचारलेला प्रश्न तर तुझ्या प्रश्नापेक्षाही चांगला आहे (हे त्याला सांगू नकोस), पण वीस नवी कोरी कापडं मागवून कचरा कमी करायचा हे जरा उफराटं होतंय. का ते आधी सांगते, कारण ते एकदा डोक्यात बसलं की जाऊबाई, नवरा, मुलं, ऑफिस सगळ्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

कापूस भयंकर पाणी पितो. जगभराची सरासरी धरली तर एक किलो सुती कापडामागे साधारण १०,००० लिटर पाणी जातं, आणि त्यानंतर रंगवणं, छपाई, शिवण, पॅकिंग, तुझ्या दारापर्यंतचा प्रवास हे वेगळंच. कापडी पिशव्यांवर याचा हिशेब झालेला आहे. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये काढलं होतं की हवामानावरचा परिणाम बघितला तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला कापडी पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलं तर साध्या कॉटनचा आकडा ५२ वेळा आला आणि ऑर्गॅनिक कॉटनचा चक्क १४९, एक कारण असं की सेंद्रिय शेतीत उत्पादन कमी धरलं होतं, म्हणजे तेवढ्याच कापसाला जमीन जास्त. आता हे आकडे पिशव्यांचे आहेत, गिफ्ट बांधायचं कापड पिशवीपेक्षा हलकं असतं आणि तुलनाही कागदाशी आहे, त्यामुळे जसेच्या तसे इथे चिकटवू नकोस. पण मुद्दा कळला ना? कापड चांगलं आहे ते परत परत वापरलं तर. वर्षातून एकदा सणाला काढायचं आणि पुन्हा कपाटात, असं असेल तर ५२ वेळा व्हायला तुझी नातवंडं म्हातारी होतील. आणि तुझ्या प्लॅनमध्ये तर ते कापड एकदाच जाणार, पाहुण्यांच्या घरी, आणि तिथे कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून राहणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कापड घरातलंच घ्यायचं, आणि ते फिरत राहील अशाच ठिकाणी द्यायचं. जिथे ते अडकून बसणार तिथे कापड नकोच, साधा कागद चालेल, खरंच चालेल.

आता घरातलं कापड म्हणजे काय तर एकदा कपाट उघडून बघ. न वापरलेल्या ओढण्या, स्कार्फ, ड्रेसचा बाद झालेला घेर, एकटे पडलेले उशीचे अभ्रे, डाग पडलेला टेबलक्लॉथ (डाग एका कोपऱ्यातच असतो, बाकीचं कापड चांगलं असतं). चौकोनी स्कार्फ सगळ्यात सोपे कारण त्यांच्या कडा आधीच शिवलेल्या असतात, नुसती इस्त्री मारली की तयार. जुन्या चादरीचं एक सांगते, चादर मधोमध विरते, जिथे आपण झोपतो तिथे, उजेडासमोर धरली की कळतं, मधला भाग जाळीसारखा दिसतो आणि दोन्ही बाजूंचे पट्टे घट्टच्या घट्ट असतात. तेव्हा चौकोन कडेच्या पट्ट्यांमधून काप, मधलं पुसायला वापर. शर्टाची बाही पण फेकू नकोस. खांद्याकडून कापलेली बाही उलटी करून कापलेलं टोक दोऱ्याने गच्च बांधायचं, परत सुलट करायची, आत बाटली किंवा गुंडाळलेलं पोस्टर सरकवायचं, कफ वर येतो आणि त्याचं बटण लावलं की झालं, शिवण शून्य.

कापायच्या आधी धू मात्र. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, कधी रंग सोडतं, आणि जुन्या कपड्यांना कपाटाचा नाहीतर डांबराच्या गोळ्यांचा वास असतो जो तुला सवयीने येत नाही पण गिफ्ट उघडणाऱ्याला पहिला तोच येतो. धुवून चांगलं कडक उन्हात वाळव.

साइजचा गोंधळ सगळ्यांचा होतो, तुझाही झाला असणार. लोक खोक्याच्या लांबी-रुंदीवरून कापड कापतात आणि मग टोकं पुरत नाहीत. कापडाची बाजू मोजायची नाही, कर्ण मोजायचा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. तो खोक्याच्या सगळ्यात लांब बाजूच्या निदान तीन पट हवा. ५० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण ७० च्या आसपास येतो, म्हणजे २३ सेंटिमीटरपर्यंतची वस्तू, एखादं पुस्तक वगैरे. ७० च्या चौकोनाचा कर्ण ९९, त्यात ३३ पर्यंतचं खोकं किंवा एक बाटली. ९० चा कर्ण १२७, म्हणजे ४२ पर्यंत. पण हे चपट्या वस्तूंसाठी हं. खोकं उंच असेल तर उंचीच कापड खाऊन टाकते, तिथे सरळ एक साइज मोठी घ्यायची. मोजायची टेप नसेल तर खोकं कापडावर मधोमध ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे वर आण, ते मध्यावर भेटून पुढे प्रत्येकी दहा-बारा सेंटिमीटर उरले तर गाठ बसेल, नुसते भेटले तर नाही बसणार.

आणि समजा घरात काहीच मिळालं नाही आणि विकत घ्यायचंच झालं तर सेट नको, मीटरने कापड घे, आणि दुकानात पन्हा विचार. ४४ इंची पन्हा म्हणजे साधारण ११२ सेंटिमीटर, त्यातून एक मीटरमध्ये ५० चे चार चौकोन निघतात आणि बारा सेंटिमीटरची एक पट्टी उरते जिच्या फिती होतात. पण त्याच पन्ह्यातून ७० चा चौकोन काढायला गेलीस तर रुंदीत एकच बसतो आणि बाकी सगळं वाया. ७० साठी ५८ इंची पन्हा बघ, तो १४७ सेंटिमीटर असतो, शेजारी-शेजारी दोन बसतात आणि उरतं जेमतेम सात सेंटिमीटर. दुकानात उरलेले कटपीस मिळाले तर फारच छान, कोरियामध्ये तर उरलेले तुकडे जोडून बांधायची कापडं शिवायची मोठी परंपरा आहे, जोगाकबो म्हणतात, आणि त्यातली काही इतकी देखणी असतात की लोक भिंतीवर लावतात.

कापड निवडताना हातात घेऊन एक गाठ मारून बघायची, बस, दुसरी टेस्ट नाही. केंब्रिक, पॉपलीन, मऊ झालेली चादर हे सगळं छान बसतं. सॅटिन दिसायला भारी पण गाठ सरकते, तुझी गाठ सुटते त्यात अर्धा दोष कदाचित कापडाचा असेल. जीन्सचं कापड नको, गाठ मुठीएवढी होते. मलमल आणि ऑर्गेंझा पारदर्शक, खोक्यावरचं चित्र आरपार दिसतं, मग सरप्राइज कसलं. दुहेरी घेतलंस तर चालेल.

आता जाऊबाई. त्यांचं म्हणणं झटकून टाकू नकोस कारण त्या चुकीचं बोलत नाहीयेत, चुरगळलेल्या, दोरे लोंबणाऱ्या कापडात बांधलेलं गिफ्ट फडक्यात बांधल्यासारखंच दिसतं! तेच कापड इस्त्री करून, कडेला पिको करून घे आणि मग त्यांना दाखव. पिको नको असेल तर एक सेंटिमीटरची दुहेरी दुमड घालून मशीन मार, तेही नको तर हाताने तुरपाई, मशीन पण नाही आणि वेळ पण नाही तर झिगझॅग कात्रीने काप, त्याने दोरे निघणं पूर्ण थांबत नाही पण कमी होतं. सगळा फरक कडेत आहे, कापड किती भारी आहे त्यात नाही. उलट्या बाजूला वेगळ्या रंगाचं कापड लावून दुहेरी शिवलंस तर गाठीची टोकं वेगळ्या रंगाची दिसतात, त्याने एकदम विकतच्यासारखं वाटतं, पण त्याला वेळ लागतो, सगळ्या गिफ्टांना करायला जाऊ नकोस, वेडी होशील.

आणि ते 'कागदातच द्यायची पद्धत आहे' वगैरे. पद्धत कसली, रंगीत छापील गिफ्टचा कागद जेमतेम शंभर वर्षांचा. अमेरिकेत कॅन्सस सिटीला हॉल बंधूंचं दुकान होतं, १९१७ च्या सणाच्या गर्दीत त्यांच्याकडचा पातळ टिश्यू कागद संपला म्हणून त्यांनी लिफाफ्यांच्या आत अस्तराला लावायचा फ्रेंच डिझाइनचा कागद विकायला ठेवला, तो भराभर खपला, आणि तिथून ती टूम निघाली. चिकटपट्टी तर त्याहून नवीन, पारदर्शक सेलोटेप बाजारात आली १९३० मध्ये. त्याउलट जपानमध्ये नारा शहरातल्या शोसोइन नावाच्या भांडारात आठव्या शतकातली वस्तू बांधायची कापडं अजून जपून ठेवलेली आहेत. त्यामुळे पद्धतच बघायची तर कापड खूप सीनियर आहे. अर्थात हे सगळं जाऊबाईंना ऐकवायला जाऊ नकोस, घरात इतिहासाने भांडण जिंकता येत नाही, तू आपलं त्यांचं गिफ्ट सगळ्यात छान बांध.

बरं गाठ. व्हिडिओ बंद कर आणि एक रुमाल घेऊन बस. तुझी गाठ सुटते कारण तू दोन्ही वेळेला एकाच दिशेने फिरवतेयस, बहुतेक सगळे तेच करतात. उजवं टोक डाव्यावरून नेऊन खालून वर काढ, ही पहिली फेरी. आता जे टोक वरून गेलं होतं ते डावीकडे आलंय, त्याच्यावर नजर ठेव, त्याला मनात नाव दे हवं तर. दुसऱ्या फेरीत परत तेच टोक वरून गेलं पाहिजे, आता डावीकडून उजवीकडे, मग खालून वर काढायचं आणि दोन्ही टोकं आडवी ओढायची. संपलं. स्काउटमध्ये रीफ नॉट शिकवतात ती हीच. बरोबर जमली का हे गाठच सांगते, टोकं आडवी, कापडाच्या ओळीत डावी-उजवीकडे झोपली तर बरोबर, एक वर एक खाली अशी उभी राहिली तर चुकली, सोडून परत बांध. ही गाठ घट्ट बसते पण उघडताना नखं मोडत नाहीत. एका बाजूचं टोक एका हातात धर आणि त्याच बाजूने गाठीत शिरणारं कापड दुसऱ्या हातात, आणि दोन्ही विरुद्ध दिशेला सरळ ओढ. ती बाजू सरळ दोरीसारखी होते आणि दुसऱ्या टोकाचा तिच्याभोवती नुसता वेढा उरतो, तो सरकवून काढला की सुटली गाठ. हे गिफ्ट घेणाऱ्याला करून दाखव, मोठी माणसंपण दोनदा करून बघतात.

खोकं बांधायचं तर कापड उलटं अंथर, एक कोपरा तुझ्याकडे येईल असं तिरकं, खोकं मध्यावर. तुझ्याकडचा कोपरा खोक्यावरून पलीकडे, उरलेलं टोक खोक्याखाली सारून टाक. समोरचा कोपरा त्याच्यावरून तुझ्याकडे. मग डावं-उजवं टोक वर आणायच्या आधी, आणि इथेच सगळे घाई करतात, खोक्याच्या बाजूला जो जास्तीचा घोळ जमतो तो बोटांनी दोन्हीकडून आत दाबून सरळ चुणी घाल. ती चुणी नीट बसली तर टोक निमुळतं होऊन वर येतं आणि गाठ छोटी, सुबक होते, नाही बसली तर गाठोडं. बाटलीला वेगळं, बाटली मधोमध उभी करायची, समोरासमोरचे दोन कोपरे बुचाच्या वर बांधायचे, उरलेले दोन मागून फिरवून पोटावर पुढे आणून बांधायचे. वाकड्यातिकड्या वस्तूंना, म्हणजे चेंडू, किटली, कुंडी, त्यांना तर कागदापेक्षा कापडच सोपं, चारही टोकं वर आणून दोन-दोन बांधली की काम झालं. सेलोटेप कशालाच नको. नावाची चिठ्ठी पण चिकटवू नकोस, पुठ्ठ्याचा तुकडा भोक पाडून दोऱ्याने गाठीत अडकव.

आता नवऱ्याचा प्रश्न. देऊन टाकायचं की परत मागायचं? परत मागायचं नाही, कधीच नाही, त्याच्याशी मी शंभर टक्के सहमत. गिफ्ट देऊन त्याचं आवरण मागणारा माणूस पुढच्या वर्षी कुणाला नको असतो. पण म्हणून ते वाया पण घालवायचं नाही, तेव्हा आधीच ठरवायचं कुणाला काय. घरातल्या घरात जी गिफ्टं देता-घेता, नवरा, मुलं, सासू-सासरे, तिथे सगळं कापडात. ती कापडं संध्याकाळी परत तुझ्याच कपाटात येतात, एक पिशवी कर त्यांच्यासाठी, पुढच्या वाढदिवसाला तीच. सुरुवात इथूनच कर आणि खरं सांगू का, यंदा इथेच थांबलीस तरी चालेल, कारण घरातला कागदच सगळ्यात जास्त असतो. मग जिथे वर्षभर देवाणघेवाण चालते अशी घरं, बहीण, जाऊबाई, जवळची मैत्रीण. त्यांना पहिल्यांदा देताना सरळ बोल की हे कापड तुझंच, आता पुढचं गिफ्ट कुणालाही याच्यातच बांधून दे. मला परत दे म्हणायचं नाही, पुढे पाठव म्हणायचं, यात फरक आहे. कापड फिरून तुझ्याकडे आलं तर आलं, नाही आलं तर कुठेतरी कामात आहे.

लांबचे लोक आणि ऑफिस, तिथे दोनच पर्याय ठेव. एक तर कापड स्वतःच उपयोगाचं हवं, स्कार्फ, हात पुसायचा चांगला टॉवेल, कापडी पिशवी, म्हणजे आवरण हाच गिफ्टचा भाग आणि घेणारा ते वापरणार हे तुला माहीत आहे. नाहीतर सरळ साधा खाकी कागद आणि सुती दोरा. कागदाला खलनायक करू नकोस, प्रॉब्लेम चमकी, फॉइल आणि प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदाचा आहे, तो रिसायकल होत नाही. ओळखायचा कसा, मुठीत चुरगाळून सोड, गोळा तसाच राहिला तर बहुतेक नुसता कागद, आपोआप उलगडायला लागला तर आत प्लॅस्टिक. चमकी तर प्लॅस्टिकचाच चुरा असते साधारणपणे, युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी घातलीये, म्हणजे विषय किरकोळ नाहीये.

एक नको ते म्हणजे त्या गिफ्टवर 'हे इको-फ्रेंडली आहे, कृपया पुनर्वापर करा' असलं कार्ड. गिफ्ट घेणाऱ्याला सणाच्या दिवशी गृहपाठ देऊ नये. तोंडाने सांग, हसत सांग, नाहीतर सांगूच नको.

मुलांचं विचारलंयस. फाडू दे की गं त्यांना! लहान मुलाला गाठ सोडायला लावलीस तर ते रडकुंडीला येईल आणि कापडावर त्याचा कायमचा राग बसेल. अगदी छोट्यांना वर्तमानपत्रात नाहीतर त्यांच्याच जुन्या चित्रांच्या कागदात बांधून दे, टराटरा फाडू दे, चमकी आणि टेप नसलं म्हणजे तो कागद नंतर रद्दीत जातो. जरा मोठ्यांना निरगाठ न मारता सुरगाठ मार, एक टोक ओढलं की सगळं भसकन उघडतं, त्याचीही एक मजा आहे. आणि आठ-दहा वर्षांपुढची असतील तर बांधायचंच काम त्यांना दे, गाठ तुझ्या आधी त्यांना जमेल. कापड नंतर गळ्यात बांधून ती सुपरहिरो होऊन फिरणार हे पण धरून चाल, म्हणून मुलांच्या गिफ्टला तू जपून ठेवलेलं रेशमी कापड वापरू नकोस.

कुरियरने पाठवायचं असेल तर कापड आतल्या वस्तूला आणि बाहेरून खोकं, नुसत्या कापडात पाठवलंस तर मळून, ओढलं जाऊन पोचेल. काचेचं काही असेल तर आतून अजून एक जुनं कापड, बबल रॅप वाचतो.

वर्षभर त्या कापडांना कामाला लाव, ५२ वेळांचा हिशेब तिथे भरून निघतो. प्रवासात बॅगेत कपडे वेगवेगळे बांधायला, स्वेटर ठेवायला, शिवाय शेजारचे दोन-दोन कोपरे बांधून दोन फासे केलेस की हातात धरायची पिशवी होते. जपानमध्ये २००६ साली तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी हेच पुढे आणलं होतं, प्लॅस्टिक पिशव्या कमी व्हाव्यात म्हणून, आणि त्यांनी आणलेली फुरोशिकी जुन्या प्लॅस्टिक बाटल्यांपासून काढलेल्या धाग्याची होती. तुझ्याकडे जुनी चादर आहे, तुला बाटल्या वितळवायची गरज नाही.

आणि हो, तू कापडात दिलंस तरी तुला येणारी गिफ्टं यंदा चमकीच्याच कागदात येणार. तोंड वाकडं करू नकोस. टेप नखाने हळू उचलून, नाहीतर कात्रीने टेपच्या रेषेवर कापून कागद अख्खा काढ, घडी नको, घडीच्या रेषा जात नाहीत, गुंडाळी करून ठेव, आणि ऑफिसवाल्यांची गिफ्टं त्यातच बांध. खाकी कागद पण नको मग विकत आणायला.